सारख्याच वाटणाऱ्या चेनसॉमधून एक निवडताना: ताकद, वजन आणि इंधन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नास सीसीच्या आसपासच्या चार-पाच चेनसॉंची माहितीपत्रकं समोर पसरली की सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. सीसी जवळपास तेच, किलोवॅटमध्ये दशांश चिन्हापुढचा फरक, वजनात अर्धा किलो इकडे-तिकडे. नेमके तिथे येऊन अडकलेल्यांचे प्रश्न खाली घेतले आहेत.

आधी कोणता आकडा पाहायचा: सीसी, किलोवॅट की वजन?

वजन. मग किलोवॅट. सीसी सर्वांत शेवटी.

पिस्टन खालून वर जाताना सिलिंडरातली किती जागा व्यापतो, तो आकडा म्हणजे सीसी. त्या जागेतून इंजिन किती ताकद काढतं ते सीसीवरून कळत नाही. स्टिल या कंपनीच्या तीन करवती शेजारी-शेजारी ठेवून बघा. एमएस २६१ सी-एम: ५०.२ सीसी, ३.० किलोवॅट, ४.९ किलो. एमएस २७१: तेच ५०.२ सीसी, पण २.६ किलोवॅट आणि ५.६ किलो. एमएस २९१: ५५.५ सीसी, २.८ किलोवॅट, ५.६ किलो. तिघींत सर्वांत मोठं इंजिन २९१ चं, पण ताकद जास्त २६१ ची, आणि तीच सर्वांत हलकी.

हा फरक बांधणीतून येतो. २६१ रोज जंगलात काम करणाऱ्यांसाठी आहे. तिचं क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) मॅग्नेशियमचं आहे आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर ताकद देईल असं बसवलेलं आहे. २७१ आणि २९१ अधूनमधून काम करणाऱ्यांसाठी आहेत: प्लास्टिकची बॉडी, आत वेगळं बसवलेलं इंजिन, बांधणी सोपी आणि म्हणून किंमतही कमी. त्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. वर्षातून काही दिवस जळण फोडणाऱ्याला २७१ आयुष्यभर पुरू शकते. फक्त ‘५५ सीसी म्हणजे ५० सीसीपेक्षा दणकट’ असं धरून चालू नका.

प्रत्येक किलोवॅटमागे किती वजन, हे कसं काढायचं?

वजनाला किलोवॅटने भागा. २६१ साठी ४.९ भागिले ३.० म्हणजे १.६३, २९१ साठी ५.६ भागिले २.८ म्हणजे बरोबर २. २७१ साठी २.१५. आकडा जितका लहान तितकं बरं: प्रत्येक किलोवॅटमागे तुम्ही कमी ओझं उचलताय.

हा भागाकार एकाच गटातल्या करवतींत करायचा. मोठ्या इंजिनात तो आपोआप छान दिसतो. स्टिलची एमएस ५०० आय घ्या. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित फ्युएल इंजेक्शन असलेली ही जगातली पहिली चेनसॉ, २०१९ मध्ये बाजारात आली. ७९.२ सीसी, ५.० किलोवॅट, ६.२ किलो, भागाकार १.२४. कागदावर तिच्यापुढे २६१ फिकी पडते. पण पडलेल्या झाडाच्या मनगटाएवढ्या फांद्या दिवसभर छाटायला ५०० आय घेऊन गेलात तर दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतील, आणि त्या ५ किलोवॅटांपैकी निम्मेसुद्धा वापरात आलेले नसतील.

०.२ किंवा ०.३ किलोवॅटचा फरक हाताला जाणवतो का?

काम कोणतं आहे त्यावर ठरतं. हस्क्वार्ना या कंपनीची ५४५ मार्क २ आणि ५५० एक्सपी मार्क २ ही जोडी बघा. दोघींचं इंजिन ५०.१ सीसीचं, दोघींचं वजन ५.३ किलो, फरक फक्त २.७ आणि ३.० किलोवॅटचा. म्हणजे सुमारे ११ टक्के. हाताएवढ्या जाड फांदीत हा फरक कोणालाही सांगता येणार नाही. फांदी दोन्हीकडून क्षणात तुटते. पण ४० सेंटिमीटरचा बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) टणक, सुकलेल्या ओंडक्यात पूर्ण गाडला की ताकद कमी असलेल्या करवतीचा आवाज खाली येतो आणि हात आपसूक दाब कमी करतो. तिथे ११ टक्के कानाला आणि हाताला दोन्हीकडे कळतात.

आता उलट बाजू. तीच चेन एकदा मातीला लागली आणि दात बोथट झाले, की ११ टक्के काय, त्याहून कितीतरी जास्त ताकद वाया जाते. बोथट चेन लाकूड कापत नाही, घासते. भुशाकडे बघा. चेन धारदार असेल तर जाडसर, चपट्या चिपा बाहेर पडतात. बोथट असेल तर पिठासारखा बारीक भुसा. दुसरी खूण दातावरच असते. दात उजेडाकडे धरा आणि त्याची वरची कड बघा. धारदार कडेवर प्रकाश टिकत नाही, ती कड दिसतच नाही. कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर दात गेला. ती रेघ जाईपर्यंत कानस मारायची.

म्हणून मला विचाराल तर ०.२ किलोवॅटसाठी जास्त पैसे मोजण्याआधी तेच पैसे कानस, कानशीचा मार्गदर्शक आणि एक जादा चेन यांत घालावेत. ०.३ किलोवॅट वाढून वजन तेवढंच राहत असेल, जसं ५४५ आणि ५५० मध्ये आहे, आणि बार रोज पूर्ण गाडावा लागत असेल, तर मात्र तो फरक घेण्यासारखा आहे.

माहितीपत्रकावरचं वजन आणि हातातलं वजन वेगळं का लागतं?

कारण छापलेलं वजन कोरड्या करवतीचं असतं: बार नाही, चेन नाही, टाक्या रिकाम्या. खरं ओझं काढायला बेरीज करा. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७४ किलो. अर्ध्या लिटरची टाकी भरली की ३७० ग्रॅम. चेनच्या तेलाची टाकी पाव लिटरच्या आसपास, म्हणजे आणखी सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम. ४० सेंटिमीटरचा बार आणि त्यावरची चेन मिळून किलोच्या आसपास. झालं, ४.९ किलोची करवत काम सुरू करताना साडेसहा किलोची होते.

दोन कंपन्यांची तुलना करताना वजनाच्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचा. कोणी बार-चेनशिवाय लिहितं, कोणी बारसकट. बॅटरीच्या करवतीत हा घोळ जास्त: ‘३ किलो’ असं छापलेलं असतं आणि दीड किलोची बॅटरी त्यात धरलेलीच नसते.

अर्धा किलो जास्त असेल तर एवढं काय बिघडतं?

ओंडका जमिनीवर आहे आणि तुम्ही वरून खाली काप घेताय, तर फारसं नाही. करवतीचं वजनच तिला खाली नेतं. थोडी जड असली तर उलट सोयीचीच. फांद्या छाटताना गणित बदलतं. करवत दर काही सेकंदांनी उचलली जाते, आडवी धरली जाते, खोडाच्या पलीकडे नेली जाते. तिथे अर्धा किलो दिवसातून शेकडो वेळा उचलला जातो. आणि थकलेला हात करवत नीट धरत नाही. अपघात अनेकदा तिथून सुरू होतात.

वजनाइतकाच तोल महत्त्वाचा. टाक्या अर्ध्या भरून, बार लावून करवत फक्त पुढच्या दांड्याला एका हाताने सैल धरून लटकवा (इंजिन बंद, चेनवर कव्हर). बारचं नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. धाडकन खाली गेलं तर बार इंजिनाच्या मानाने लांब आहे आणि ते नाक वर धरून ठेवायचं काम दिवसभर तुमच्या मनगटाला करावं लागेल. एकाच वजनाच्या दोन करवतींमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, आणि तो कोणत्याच तक्त्यात छापलेला नसतो.

बार किती लांब घ्यावा? लांब बारने जास्त काम होतं ना?

नेहमी ज्या जाडीचं लाकूड कापता, त्यापेक्षा थोडा लांब, बस. ५० सीसीच्या गटाला ३३ ते ४५ सेंटिमीटर, ६० सीसीला ४० ते ५०, आणि ७० सीसीच्या पुढे ५० व त्याहून जास्त. जाड बुंधा कधीतरी आला तर दोन्ही बाजूंनी काप घेता येतो. त्या एका बुंध्यासाठी वर्षभर लांब बार वागवायची गरज नाही.

लांब बार दोन ठिकाणी खर्चात टाकतो. गाडलेल्या प्रत्येक जादा सेंटिमीटरबरोबर एकाच वेळी कापणारे दात वाढतात, म्हणजे तीच ताकद जास्त दातांत वाटली जाते. आणि टोक नजरेआड जातं. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कुठे टेकला की करवत तोंडाच्या दिशेने उसळते. त्यालाच किकबॅक म्हणतात. चेन ब्रेक (करवत उसळली की चेन थांबवणारी व्यवस्था) आहे म्हणून हे विसरून चालत नाही.

चेन बदलून कमी ताकदीची करवत वेगाने चालवता येते का?

येते. दोन सारख्या मॉडेलांमधला बराचसा फरक चेनमधूनच येतो, आणि त्याकडे कोणी बघत नाही.

चेनचे दोन आकडे असतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पायाची जाडी. ५० सीसीला साधारण ०.३२५ इंच पिच येतं, त्याहून मोठ्यांना ३/८ इंच, आणि लहान करवतींना ३/८ लो-प्रोफाइल. गेज १.१ पासून १.६ मिलिमीटरपर्यंत.

पिचवरून चेनचा वेगही निघतो. सात दातांचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका फेरीत १४ पिच पुढे ढकलतो. ०.३२५ इंच म्हणजे ८.२५ मिलिमीटर, १४ ने गुणलं की ११५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ९,५०० फेऱ्यांवर असताना चेन सेकंदाला १८ मीटरच्या वर जाते. दातांची संख्या तीच ठेवून ३/८ पिचचा स्प्रॉकेट आणि चेन लावली तर वेग २१ मीटर. ऐकायला छान, पण मोठा दात मोठी चिप काढतो आणि इंजिनाला जास्त ओढतो. ५० सीसीच्या करवतीला ३/८ लावून वर ४५ चा बार घातला की ती लाकडात शिरताच धापा टाकते. मग लोक म्हणतात, ‘ही मॉडेलच कमजोर.’

उलट दिशेने गेलात तर फायदा होतो. १.३ गेजची अरुंद काप घेणारी चेन आणि तिच्याच मापाचा बार लावला की दर कापात कमी लाकडाचा भुसा करावा लागतो. तेवढी ताकद वाचते आणि पुढचं टोकही हलकं होतं. सव्वादोन-अडीच किलोवॅटच्या करवतीला ही चेन लावून बघा, जणू वरच्या गटातली करवत हातात आली असं वाटेल. किंमत मोजावी लागते ती टिकाऊपणात: माती लागलेल्या, घाणेरड्या लाकडात अरुंद चेन लवकर खराब होते.

सात दातांच्या जागी आठ दातांचा स्प्रॉकेट?

५० सीसीला नको. वेग वाढतो, ओढ कमी होते. लहान बार, मऊ लाकूड आणि भरपूर ताकद असेल तिथेच त्याला अर्थ आहे.

‘इंधनात कार्यक्षम’ म्हणजे नेमकं काय? कसं मोजतात?

एक किलोवॅट ताकद तासभर दिली तर किती ग्रॅम इंधन जळतं, तो आकडा. माहितीपत्रकात ‘ग्रॅम प्रति किलोवॅट-तास’ म्हणून असतो. चेनसॉच्या इंजिनाची ताकद आणि इंधनखर्च मोजायला आयएसओ ७२९३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दोन्ही कंपन्यांनी तेच वापरलं असेल तर आकडे थेट तोलता येतात.

जुन्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनात एक जन्मजात खोट होती. जळालेला धूर बाहेर ढकलायला नवं मिश्रणच वापरलं जायचं, आणि त्यातलं बरंच न जळता सायलेन्सरमधून बाहेर जायचं. नव्या इंजिनांत आधी नुसत्या हवेचा एक थर आत सोडतात. तो धुराला बाहेर ढकलतो, आणि मिश्रण त्याच्या मागून येतं. बाहेर गेलीच तर हवा जाते. स्टिल याला टू-मिक्स म्हणते, हस्क्वार्ना एक्स-टॉर्क, तत्त्व तेच. जुन्या पद्धतीपेक्षा २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असा कंपन्यांचा दावा आहे.

आता हिशोब. ३.० किलोवॅटची करवत, ४५० ग्रॅमचा आकडा: पूर्ण ताकदीवर तासाला १,३५० ग्रॅम, म्हणजे सुमारे १.८ लिटर. अर्ध्या लिटरची टाकी सोळा-सतरा मिनिटांत संपेल. शेजारच्या मॉडेलचा आकडा ५५० असेल तर तासाला २.२ लिटर. प्रत्यक्षात करवत सतत पूर्ण ताकदीवर नसते. तुम्ही चालता, ओंडका फिरवता, पाचर ठोकता. त्यामुळे खरा खर्च बराच कमी. रोज सहा तास काम करणाऱ्याला हा फरक महिन्याअखेरीस ठळक दिसतो. वर्षाला चार-पाच लिटर जाळणाऱ्याने या आकड्यासाठी डोकं खपवू नये; त्याच्यासाठी सुरू व्हायला सोपी करवत जास्त मोलाची.

हवेचा थर देणारी इंजिनं त्याच सीसीच्या जुन्या मॉडेलपेक्षा अनेकदा थोडी जड असतात आणि रेस दिल्यावर पटकन उसळत नाहीत. जुनी करवत वापरून सवय झालेल्यांना हे सुरुवातीला खटकतं. लाकडात शिरल्यावर मात्र त्या खालच्या फेऱ्यांवर चांगल्या ओढतात.

तेलाचं प्रमाण कमी केलं तर ताकद वाढते का?

नाही, पिस्टन जातो. कंपनीने ५० ला १ सांगितलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल; २५ ला १ असेल तर ४०. मॉडेल निवडताना याचा काहीच संबंध नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पडून राहिलं की कार्ब्युरेटरमधले पडदे बिघडवतं, त्यामुळे महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा.

स्वतः जुळवून घेणारा कार्ब्युरेटर लागतो का?

उंचीवर काम असेल तर तो फार कामाचा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ होते आणि इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. ३.० किलोवॅटची करवत दोन हजार मीटरवर अडीचच्याही खाली येते. गेलेली हवा कोणताच कार्ब्युरेटर परत आणत नाही, पण कमी हवेला शोभेल एवढंच इंधन सोडणं त्याच्या हातात असतं. स्टिलची एम-ट्रॉनिक आणि हस्क्वार्नाची ऑटोट्यून ही व्यवस्था ते काम आपोआप करते. साध्या कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू फिरवून ते तुम्हाला करावं लागतं.

ज्याला एकाच गावात, एकाच उंचीवर काम करायचंय आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरायला आवडतो, त्याने साधाच घ्यावा. तो बिघडला तर कोणीही दुरुस्त करतो. इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेचा दोष शोधायला काही वेळा कंपनीचं उपकरण लागतं.

बॅटरीच्या करवतीचे वॅट आणि पेट्रोलच्या करवतीचे किलोवॅट सारखेच का?

एकक तेच, पण मोजायची जागा वेगळी असू शकते. पेट्रोल इंजिनाची ताकद बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर मोजलेली असते. वायरच्या करवतीवर लिहिलेले २,००० वॅट ती भिंतीतल्या प्लगमधून घेते तो आकडा. त्यातला बराच वाटा मोटरमध्ये उष्णता होऊन जातो. बॅटरीच्या मॉडेलवर काय लिहिलंय ते कंपनीनुसार बदलतं. म्हणून २,००० वॅटची वायरची करवत दोन किलोवॅटच्या पेट्रोल करवतीच्या बरोबरीला येत नाही.

मोठा फरक साठ्यात आहे. ३६ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २८८ वॅट-तास. मोटरमधली गळती वजा केली की चेनपर्यंत अडीचशेच्या आत पोचतात. अर्ध्या लिटरच्या टाकीतल्या ३७० ग्रॅम पेट्रोलमधून, वरच्या ४५० ग्रॅम प्रति किलोवॅट-तास या आकड्याने, शाफ्टवर ८२० वॅट-तास मिळतात. एक टाकी म्हणजे सव्वातीन-साडेतीन बॅटऱ्या. पेट्रोलमधली चार पंचमांश ऊर्जा उष्णतेत फुकट जाऊनही हा हिशोब उरतो!

तरीही बॅटरीला कमी लेखू नका. फांदी कापली, चार पावलं चाललो, पुन्हा फांदी, अशा कामात पेट्रोलची करवत मधल्या वेळेतही इंधन जाळत असते. बॅटरीची करवत बोट सोडताच थांबते. घराजवळची छाटणी, कमी आवाज, दोरी ओढायची कटकट नाही. जाड बुंध्यांच्या ढिगासाठी मात्र पेट्रोलच.

कमी पैशात ५८ किंवा ६२ सीसी मिळते. का घेऊ नये?

आधी तो आकडा खरा आहे का ते तपासा. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनचा स्ट्रोक कळला की शाळेतलं सूत्र पुरतं: व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (मापं मिलिमीटरमध्ये असतील तर शेवटी हजाराने भागा). ४४.७ मिलिमीटर व्यास आणि ३२ मिलिमीटर स्ट्रोक असेल तर ५०.२ सीसी. समजा ‘५८ सीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या करवतीचा सिलिंडर मोजला आणि व्यास ४५.२ निघाला. मग स्ट्रोक ३६ मिलिमीटर असायला हवा. तो ३२-३३ भरला तर ते इंजिन फार तर ५३ सीसीचं.

आकडा खरा निघाला तरी ताकद वेगळी पाहावी लागते. दर सीसीला किती वॅट, ते काढा. एमएस २६१ ला सुमारे ६० वॅट, २७१ ला ५२. साधी बांधणी असताना याच्या खूप वर दावा असेल तर शंका घ्या. किलोवॅटचा आकडाच छापलेला नसेल तर जास्तच. हॉर्सपॉवर दिली असेल तर ०.७४६ ने गुणून किलोवॅट काढा.

कंपनाचा आकडा बघण्यासारखा आहे का?

आहे, आणि लोक त्याला विसरतात. दोन्ही दांड्यांसाठी मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात तो दिलेला असतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी २.५ ला काळजी घ्यायला सुरुवात करावी आणि ५.० ही कमाल मर्यादा, असं ठरवलंय. खरी मेख वर्गात आहे: शरीरावरचा भार कंपनाच्या वर्गाने वाढतो. एका करवतीचा आकडा ५.० आणि दुसरीचा ३.५ असेल, तर दुसरी साधारण दुप्पट वेळ चालवल्यावर तेवढाच भार पडतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर थंडीत बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. ते सहसा पूर्ण बरं होत नाही.

जुनी व्यावसायिक करवत की नवी घरगुती?

जुनी, जर आतून धड असेल तर. सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. बाजू गुळगुळीत, राखाडी चकाकीची हवी. उभे ओरखडे दिसले तर त्या इंजिनाने कधीतरी तेलाशिवाय किंवा पातळ (हवा जास्त, इंधन कमी) मिश्रणावर मार खाल्लाय. कॉम्प्रेशन मीटरवर गरम इंजिन १० बारच्या (हे दाबाचं एकक) आसपास दाखवत असेल तर ठीक. मग दोरी धरून करवत उचला: ती सरकन खाली आली तर विचार सोडा.

दोन्ही मॉडेल सगळ्यात सारखी निघाली तर?

हातमोजे घालून दोन्ही हाताळा. टाकीचं झाकण मोज्यांसकट उघडतं का? एअर फिल्टर हत्याराशिवाय निघतो का? चेन ताणायचा स्क्रू बाजूला आहे की ओंडक्यात रुतवायच्या पुढच्या काट्यांच्या मागे लपलाय? रोजचं काम या तीन जागांशी पडतं. क्लचचे ड्रम, फिल्टर, दोरीची स्प्रिंग ज्या करवतीची सहज मिळते ती घ्या. बरोबर त्याच पिच-गेजच्या दोन जादा चेन आणि योग्य व्यासाची कानस घेऊन टाका: ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटर, ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिलिमीटर, मोठ्या ३/८ ला चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असेल त्याप्रमाणे ५.२ किंवा ५.५.